मिडशिपमन ते ॲडमिरल: शिडांच्या काळातल्या ब्रिटिश नौदलात बढती नेमकी कशी मिळायची?

दर्यावर्दी_७४:
दोन माणसं शेजारी ठेवून बघा. होरेशियो नेल्सन, जन्म १७५८. बाराव्या वर्षी जहाजावर, अठराव्या वर्षी लेफ्टनंट, विसाव्या वर्षी पूर्ण कॅप्टन. दुसरा जेम्स कुक, जन्म १७२८. ज्याने न्यूझीलंडचा किनारा नकाशावर आणला, तो लेफ्टनंट झाला एकोणचाळिसाव्या वर्षी आणि पूर्ण कॅप्टन शेहेचाळिसाव्या. दोघंही आपापल्या कामात असामान्य. मग वीस-पंचवीस वर्षांचा हा फरक कुठून आला?

"ओळखीपाळखी" हे उत्तर अर्धंच खरं आहे. या नौदलात वर चढण्याची वाट दोन तुकड्यांत होती आणि दोन्हींचे नियम उलटे होते. पूर्ण कॅप्टन होईपर्यंत सगळं ओळख, संधी आणि लायकी यांवर. कॅप्टन झाल्याच्या तारखेपासून पुढे यांपैकी कशाचाच उपयोग नाही, फक्त ज्येष्ठता. म्हणून एकच तारीख आयुष्य ठरवायची: पोस्ट-कॅप्टन, म्हणजे पूर्ण कॅप्टन, झाल्याची.

साधारण १७४० ते १८१५ हा काळ धरून बोलू. सुरुवात मुलगा जहाजावर चढतो तिथून करतो.

१७९४ पर्यंत कॅप्टनला दर शंभर माणसांमागे चार "नोकर" ठेवायची मुभा होती. ७४ तोफांच्या जहाजावर सहाशे माणसं धरली तर चोवीस. यांतले खरे नोकर थोडे. बाकीचे नातलगांचे, मित्रांचे, मतदारसंघातल्या वजनदार माणसांचे मुलगे. त्यांचा पगार कॅप्टनच्या खिशात जायचा, बदल्यात तो त्यांना घडवायचा. १७९४ साली ही पद्धत मोडून "पहिल्या वर्गाचे स्वयंसेवक" असं पद केलं. वर्षाला ६ पौंड, किमान वय १३, अधिकाऱ्याचा मुलगा असेल तर ११. निवड मात्र कॅप्टनच्याच हातात राहिली. भरतीचं खरं दार ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाच्या, कचेरीत नव्हतं, प्रत्येक कॅप्टनच्या केबिनमध्ये होतं.

सागरिका:
पोर्ट्समथला नौदलाची अकादमी होती ना? १७३३ पासून तिथे मुलं शिकत होती. तिथून किती जण यायचे?

दर्यावर्दी_७४:
फार थोडे, सागरिकाताई. अकादमीतून आलेला मुलगा म्हणजे कुठल्याही कॅप्टनने न निवडलेला मुलगा. गणित, चित्रकला, तलवारबाजी उत्तम, पण जहाजावर पाऊल ठेवलं की त्याला "आपला" म्हणणारं कुणी नाही. तरी अकादमीतून चांगले अधिकारी निघालेच. जेन ऑस्टिनचा भाऊ फ्रान्सिस १७८६ मध्ये तिथे गेला, १७९२ अखेर लेफ्टनंट, १८०० मध्ये कॅप्टन. त्याच्याकडे पुढे परत येऊ, कारण ज्येष्ठतेचं गणित त्याच्यावरून फार छान कळतं.

जुनी_बखर:
खोट्या नोंदींबद्दल लिहितो, त्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

लेफ्टनंटच्या परीक्षेला बसायला सहा वर्षांची समुद्रसेवा लागायची, त्यांपैकी दोन वर्षं मिडशिपमन (अधिकारीपदाचा उमेदवार) किंवा मास्टरचा मेट (जहाजाचा मार्ग काढणाऱ्या मास्टरचा मदतनीस) म्हणून. ही सेवा मोजायची जहाजाच्या हजेरीपुस्तकावरून. म्हणजे नाव पुस्तकात असणं महत्त्वाचं. मुलगा प्रत्यक्ष जहाजावर आहे की घरी पाळण्यात, हे लंडनच्या कारकुनाला दिसत नसे. थॉमस कॉक्रनचं नाव त्याच्या काकाने, म्हणजे अलेक्झांडर कॉक्रनने, तो पाच-सहा वर्षांचा असल्यापासून एकामागून एक चार जहाजांवर लावून ठेवलं होतं. १७९३ मध्ये तो खरोखर जहाजावर चढला आणि १७९६ मध्ये लेफ्टनंट झाला. मधली वर्षं त्याच्या काकाच्या शाईने भरलेली होती.

हा गुन्हाच होता, खोट्या हजेरीबद्दल कॅप्टनला बडतर्फीची शिक्षा लिहिलेली होती. पण इतके जण करत होते की पकडायचं कुणी?

लंगर:
एक बारीक दुरुस्ती वजा भर. मिडशिपमन ही "रँक" समजली जाते, ती तशी नव्हती. ते जहाजावरचं पद होतं, कॅप्टनने दिलेलं, आणि कॅप्टन ते काढूनही घेऊ शकत असे. आज मिडशिपमन, उद्या साधा खलाशी, असं शिक्षा म्हणून व्हायचं. राजाच्या नावाचा कागद, म्हणजे कमिशन, पहिल्यांदा मिळायचा तो लेफ्टनंट होताना.

वयाचंही तसंच. चित्रात मिडशिपमन चौदा वर्षांचा गोरा पोरगा असतो. प्रत्यक्षात मोठ्या जहाजाच्या कॉकपिटमध्ये, पाण्याच्या रेषेखालच्या त्या खिडकी नसलेल्या मजल्यावर, कंदिलाच्या उजेडात एकाच मेजावर चौदा वर्षांचा आणि पस्तिशीचा मिडशिपमन जेवत असत. पस्तिशीचा म्हणजे जो परीक्षा नापास होत राहिला, किंवा पास होऊनही ज्याला जागा देणारं कुणी भेटलं नाही. आणि घरून पैसे यावे लागत. कपडे, सेक्स्टंट किंवा क्वाड्रंट (सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायची उपकरणं), पुस्तकं, मेसचा वाटा. वर्षाला ३० ते ५० पौंड घरून आले नाहीत तर मुलाचे हाल. गरिबाच्या मुलाला ही पायरी अडायची ती इथेच.

सागरिका:
परीक्षेबद्दल सविस्तर लिहाल का कुणी? तोंडी असायची एवढंच वाचलंय.

होकायंत्र:
लिहितो, माझा आवडीचा भाग आहे.

ही परीक्षा सॅम्युअल पेपीसने १६७७ मध्ये सुरू केली. तोवर दरबारातल्या वशिल्यावर कुणीही लेफ्टनंट होत असे आणि त्याला शीड कुठलं, दोर कुठला हे माहीत नसे. सैन्यात त्या काळी हुद्दा सरळ विकत घेता येत होता. नौदलात तो कधीच विकत मिळाला नाही, त्याचं मोठं कारण ही परीक्षा.

लंडनमध्ये नेव्ही बोर्डापुढे, म्हणजे जहाजं आणि गोद्या सांभाळणाऱ्या मंडळापुढे, महिन्याच्या पहिल्या बुधवारी. परदेशातल्या ताफ्यात असाल तर तिथला सेनापती तीन कॅप्टन नेमून परीक्षा घेई. उमेदवाराने बरोबर न्यायचं ते असं: स्वतःच्या हाताने लिहिलेल्या सगळ्या जहाजांच्या रोजनिश्या, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या कॅप्टनांचे दाखले (मेहनती, दारूच्या नशेत नसणारा, आज्ञाधारक), हजेरीपुस्तकांवरून काढलेला सेवेचा तक्ता (वर्षं, महिने, आठवडे, दिवस अशा रकान्यांत), आणि वयासाठी बाप्तिस्म्याचा दाखला. किमान वय २०, पुढे ते १९ केलं. एखाद्या कॅप्टनने दाखला न देता जगाचा निरोप घेतला असेल किंवा रोजनिशी जहाजाबरोबर बुडाली असेल, तर तेवढ्या काळासाठी वेगळी शपथपत्रं आणावी लागत.

वयाच्या दाखल्याचा किस्सा तर लिहिलाच पाहिजे. जॉर्ज एलियट १८०० साली, सोळा वर्षांचा असताना परीक्षेला गेला. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय की नेव्ही बोर्डाच्या दिवाणखान्यातला म्हातारा दरवान पाच शिलिंगाला एक असे दाखले तयार करून देत असे, आणि आत गेल्यावर कमिशनरांच्या लक्षात आलं की वीस-बावीस वर्षं जुन्या दाखल्यावरची शाई अजून वाळलेली नाही. पास केलंच. नेल्सनने परीक्षा दिली ९ एप्रिल १७७७ ला, वय साडेअठरा, प्रमाणपत्रावर वीसहून अधिक. त्या वेळी नेव्ही बोर्डाचा कंट्रोलर होता मॉरिस सकलिंग, नेल्सनचा सख्खा मामा. दुसऱ्याच दिवशी नेल्सन 'लोस्टॉफ' या फ्रिगेटचा (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) लेफ्टनंट.

प्रमाणपत्रावर काय लिहायचे तेही वाचण्यासारखं आहे: हा माणूस दोर जोडू शकतो, गाठी मारू शकतो, शीड आखडू शकतो, जहाज चालवू शकतो, भरती-ओहोटीची वेळ काढू शकतो, सपाट आणि मर्केटर पद्धतीने जहाजाचा मार्ग मांडू शकतो, सूर्य किंवा ताऱ्यावरून वेध घेऊ शकतो, होकायंत्राचा फरक काढू शकतो. शेवटचं वाक्य: निष्णात खलाशी आणि मिडशिपमनचं काम करायला लायक. म्हणजे अधिकारी व्हायच्या परीक्षेत आधी तू खलाशी आहेस का, हे विचारत.

मिझन:
आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा, वेगवेगळ्या कपड्यांत: जहाज वळव. नंतर परीक्षक एकेक वस्तू काढून घेत जायचे. वारा फिरला. डोलकाठी गेली. समोर किनारा आहे. आता?

चौरस शिडांचं जहाज वाऱ्याच्या अगदी तोंडाशी जाऊ शकत नाही. होकायंत्राचे ३२ भाग, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. असं जहाज वाऱ्यापासून सहा भागांपर्यंत, म्हणजे साडेसदुसष्ट अंशांपर्यंतच जवळ जातं. दुसऱ्या बाजूला वळायचं तर नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वाऱ्याच्या तोंडातून ओलांडून बारा भाग, १३५ अंश फिरवायची. याला टॅकिंग म्हणतात. क्रम असा.

आधी वेग. जहाज वाऱ्याला जास्त चिकटवून हळू झालं असेल तर थोडं मोकळं सोडून शिडं पूर्ण भरून घ्यायची. वेग नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग हुकूम "हेल्म्स अ-ली": सुकाणू फिरवलं, पुढच्या तिकोनी शिडांचे दोर सोडले, मागचं मोठं शीड मधोमध ओढलं, म्हणजे मागचा भाग वाऱ्याखाली (वारा वाहतो त्या बाजूला) ढकलला जातो आणि नाळ वाऱ्याकडे येते. चौरस शिडं फडफडायला लागतात. पुढच्या डोलकाठीवरच्या शिडांना वारा समोरून लागून ती उलटी भरतात. ती तशीच राहू द्यायची, कारण तीच आता नाळेला पलीकडे ढकलणार आहेत.

आता खरा क्षण. वारा नाळेपासून साधारण एक भाग राहिला की "मेनसेल हॉल": मधल्या आणि मागच्या डोलकाठीच्या आडव्या काठ्या एका झटक्यात फिरवायच्या. पुढच्या शिडांच्या आडोशामुळे त्यांच्यावर त्या घटकेला वारा नसतो, म्हणून त्या हलक्या फिरतात. घाई केली तर तीच शिडं उलट भरून जहाज जागच्या जागी थांबवतात. उशीर केला तर वारा त्यांत बसलेला असतो आणि शंभर माणसं दोराला लावली तरी काठी हलत नाही. मधली-मागची शिडं नव्या बाजूला भरली, की "लेट गो अँड हॉल", पुढच्या काठ्या फिरवल्या, झालं.

नाळ वाऱ्यात अडकली तर जहाज मागे सरकू लागतं. तेव्हा सुकाणू उलटं फिरवायचं, कारण पाणी आता उलट्या दिशेने वाहतंय. चांगल्या घरचे बरेच उमेदवार इथे गडबडत. तेही जमलं नाही तर वाऱ्याकडे पाठ करून उलटा फेरा मारायचा, म्हणजे बाराऐवजी वीस भाग, २२५ अंश. यात जहाज वाऱ्याखाली बरंच घसरतं. वाऱ्याखाली खडक असेल तर हा पर्याय संपला.

शेवटचा उपाय क्लब-हॉलिंग. आधी वाऱ्याखालच्या बाजूच्या नांगराला एक जाड दोर बांधून तो जहाजाच्या त्याच बाजूच्या मागच्या टोकातून आत घ्यायचा. जहाज वाऱ्याकडे वळून वेग मरता मरता तो नांगर टाकायचा. नांगर धरला की नाळ हिसक्याने वाऱ्यातून पलीकडे खेचली जाते. त्याच क्षणी नांगराचा मुख्य दोर कुऱ्हाडीने तोडायचा, मागच्या दोरावर जहाज फिरलं की तोही तोडायचा. नांगर समुद्राला दिला, जहाज वाचलं. कुऱ्हाड घेऊन माणूस आधीच उभा केला होता, हे ज्याच्या उत्तरात आलं तो पास.

लंगर:
मिझन, फार सुंदर उलगडलंत! या परीक्षेत लिहिणं शून्य होतं, सगळं डोळ्यांपुढे जहाज उभं करण्यावर. म्हणूनच ओळख असलेला मुलगासुद्धा बहुतेक वेळा काम येणारा असे.

दर्यावर्दी_७४:
परीक्षा पास म्हणजे लेफ्टनंट नव्हे. पास झालेला माणूस जागा मिळेपर्यंत मिडशिपमनच. कमिशन मिळायचं तेही विशिष्ट जहाजाचं आणि विशिष्ट क्रमांकाचं: अमुक जहाजाचा चौथा लेफ्टनंट. ७४ तोफांच्या जहाजावर पाच, ३६-३८ तोफांच्या फ्रिगेटवर तीन.

पहिला लेफ्टनंट पहारा करत नसे. पहाऱ्याचा, लढाईतल्या जागांचा, शिडं चढवताना कुणी कुठे उभं राहायचं याचा तक्ता त्याने करायचा. सहाशे माणसांचं प्रत्येकाचं नाव प्रत्येक कामासाठी एका जागेवर. बाकीचे लेफ्टनंट आळीपाळीने पहारा करत आणि लढाईत तोफांच्या एकेका फळीवर उभे राहत.

आणि पहिल्या लेफ्टनंटच्या जागेला किंमत होती, कारण लढाई जिंकली की बढती त्याला. १८०५ मध्ये ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या 'व्हिक्टरी'वर सर्वांत ज्येष्ठ लेफ्टनंट होता जॉन पास्को. नेल्सनने त्याला खुणांच्या झेंड्यांचं काम दिलं आणि पहिल्या लेफ्टनंटचं काम कनिष्ठ जॉन क्विलियमकडे. नेल्सनचा 'प्रत्येक जण आपलं कर्तव्य करील अशी इंग्लंडची अपेक्षा आहे' हा प्रसिद्ध संदेश पास्कोने झेंड्यांनी चढवला. जखमीही झाला. २४ डिसेंबर १८०५ ला बढत्या निघाल्या तेव्हा क्विलियम थेट पोस्ट-कॅप्टन आणि पास्को फक्त कमांडर. पास्कोला कॅप्टन व्हायला १८११ उजाडलं. ज्या माणसाने त्या दिवशी डेकवर उभं राहून रक्त सांडलं, त्याची पाच वर्षं एका कामवाटपात गेली. मला हा अन्याय वाटतो.

सागरिका:
कमांडर म्हणजे नेमकं काय? कॅप्टनच्या खालचा, पण स्वतःच्या जहाजाचा प्रमुख?

दर्यावर्दी_७४:
हो. पूर्वी या पदाचं नाव "मास्टर अँड कमांडर", कारण लहान जहाजावर वेगळा मास्टर नसे, मार्ग काढण्याचं काम तोच करी. १७९४ पासून नुसतं कमांडर. त्याचं जहाज म्हणजे स्लूप, लहान युद्धनौका. क्रूझर वर्गाची ब्रिग (दोन डोलकाठ्यांचं जहाज) घ्या: १८ तोफा, त्यांत सोळा ३२-पौंडी कॅरोनेड (जवळच्या पल्ल्याच्या आखूड तोफा), माणसं १२१. वीस तोफांच्या खालचं जहाज "पोस्ट" जहाज नव्हे, म्हणून त्याचा प्रमुख पूर्ण कॅप्टन नव्हे, जरी सगळे त्याला कॅप्टनच म्हणत.

१७९५ च्या गणवेशावरून लांबूनही कळायचं. कमांडरला डाव्या खांद्यावर एक एपोलेट (झालरीचा खांदेबिल्ला). नव्या कॅप्टनला उजव्या खांद्यावर एक. तीन वर्षं पूर्ण झालेल्या कॅप्टनला दोन्ही खांद्यांवर.

कमांडर हे पद सापळाही होतं. लेफ्टनंटला शेकडो जहाजांवर जागा मिळू शकत असे. कमांडर झालेला माणूस परत लेफ्टनंट म्हणून कामाला जाऊ शकत नव्हता, आणि स्लूप मोजक्याच. बढती मिळाली आणि नोकरी गेली, अशी अवस्था बऱ्याच जणांची झाली.

जुनी_बखर:
पोस्ट-कॅप्टनच्या यादीवर मी लिहितो.

वीस किंवा जास्त तोफांच्या जहाजाचं कॅप्टन म्हणून कमिशन मिळालं, त्या तारखेने नाव यादीच्या तळाशी गेलं. यापुढे तुमच्या वरचा कुणी मेला, बडतर्फ झाला किंवा ॲडमिरल झाला तरच तुम्ही एक पायरी वर. खालून कुणी तुम्हाला ओलांडू शकत नाही, राजाचा मुलगा सोडला तर. "रक्तरंजित युद्ध किंवा रोगट हंगाम येवो" म्हणून अधिकारी मेजावर पेला उंचावत, त्याचा अर्थ शब्दशः हाच होता.

नेल्सन आणि कॉलिंगवूड बघा. कॉलिंगवूड वयाने दहा वर्षांनी मोठा. १७६१ पासून समुद्रावर, लेफ्टनंट व्हायला १७७५ उजाडलं, चौदा वर्षं. जमैकाच्या ताफ्यात सर पीटर पार्कर सेनापती असताना नेल्सन एकेक जागा सोडत गेला आणि कॉलिंगवूड त्याच जागेवर येत गेला: 'लोस्टॉफ'वर लेफ्टनंट, 'बॅजर' ब्रिगवर कमांडर, २८ तोफांच्या 'हिंचिनब्रूक'वर कॅप्टन. नेल्सनची कॅप्टनकीची तारीख ११ जून १७७९, कॉलिंगवूडची मार्च १७८०. नऊ महिने! सव्वीस वर्षांनी ट्रॅफल्गारला कोण मुख्य सेनापती आणि कोण दुसऱ्या क्रमांकावर, ते या नऊ महिन्यांनी ठरवलं होतं. 'हिंचिनब्रूक'चे बहुतेक खलाशी मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर तापाने मेले, नेल्सनही जेमतेम वाचला. रोगट हंगाम तो हा.

यादीच्या शेंड्याला पोचलं की रिअर ॲडमिरल. पुढे ताफ्याच्या निळ्या, पांढऱ्या, तांबड्या अशा तीन रंगांच्या तुकड्यांतून रिअर, व्हाइस आणि पूर्ण ॲडमिरल अशा पायऱ्या. अडचण अशी की यादीत सत्तराव्या क्रमांकावर चांगला माणूस असेल तर त्याला ॲडमिरल करायला त्याच्या वरचे सगळे करावे लागत. म्हणून १७४७ मध्ये वाट काढली: नको असलेल्यांना कुठल्याच रंगाचा ताफा न देता रिअर ॲडमिरलचं निवृत्तिवेतन द्यायचं. त्यांना लोक "पिवळे ॲडमिरल" म्हणत, कारण पिवळा ताफा अस्तित्वातच नव्हता.

आता फ्रान्सिस ऑस्टिन. कॅप्टन १८००, रिअर ॲडमिरल १८३०. तीस वर्षं. धाकटा भाऊ चार्ल्स कॅप्टन १८१०, रिअर ॲडमिरल १८४६. छत्तीस. फ्रान्सिस १८६३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, ॲडमिरल ऑफ द फ्लीट या सर्वोच्च हुद्द्यावर पोचला. चार्ल्स १८५२ मध्ये ईस्ट इंडीजचा सेनापती असताना ब्रह्मदेशात वारला.

होकायंत्र:
ईस्ट इंडीजचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे वळतो. दूरच्या ताफ्याच्या सेनापतीला मोठा अधिकार होता. लंडनहून पत्र यायला सहा महिने, म्हणून मेलेल्यांच्या जागा तोच भरायचा, ॲडमिरल्टी नंतर शिक्का मारायची. याचा वापर कसा झाला? ॲडमिरल रॉडनीने १७८० मध्ये स्वतःच्या मुलाला लेफ्टनंट केलं आणि पाच आठवड्यांत कॅप्टन, वय पंधरा. एडवर्ड पेल्यू इकडे सेनापती असताना त्याचा मुलगा फ्लीटवूड १८०८ मध्ये, एकोणीस पुरे व्हायच्या आत कॅप्टन झाला. फ्लीटवूड शूर होता, पण तेवढेच शूर दुसरेही होते आणि त्यांचे वडील ॲडमिरल नव्हते.

नेल्सन स्वतः मिडशिपमन असताना 'सीहॉर्स'वरून मुंबईला आला होता. १७७६ मध्ये इथूनच तापाने खंगून 'डॉल्फिन'वरून परत गेला. आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं 'मिंडेन', १८१० चं, ७४ तोफांचं सागवानी जहाज. म्हणजे एका कॅप्टनची आणि पाच लेफ्टनंटांची जागा आपल्या गोदीतून निघाली.

ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार, बॉम्बे मरीन, मात्र या यादीबाहेर. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स हा कंपनीचा माणूस, राजाचं कमिशन त्याच्याकडे नव्हतं. पुढच्या वर्षी विजयदुर्गावर ताफा आला तेव्हा वर बसला तो राजाचा ॲडमिरल वॉटसन.

कुलाबकर:
मग आंग्र्यांच्या आरमारात वर चढायची काय रीत होती?

जुनी_बखर:
परीक्षा आणि तारखेची यादी अशी रीत नव्हती. सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, घराण्यात चालायची. कान्होजी १७२९ मध्ये गेले, मग सेखोजी, आणि सेखोजी १७३३ मध्ये गेल्यावर संभाजी आणि मानाजी यांच्यात वाटणी होऊन विजयदुर्ग आणि कुलाबा असे दोन तुकडे झाले. जहाजावर नाखवा, तांडेल यांचं कसब पिढीजात आणि पक्कं होतं, यात शंका नाही. पण प्रमुख गेला की पुढचा कोण, हे कागदावर आधी ठरलेलं नसणं आरमाराला महागात पडलं.

सागरिका:
मूळ प्रश्नातला कुक राहिला!

लंगर:
कुक वेगळ्या शिडीवर होता. शेतमजुराचा मुलगा, व्हिटबीच्या कोळशाच्या जहाजांवर घडलेला. १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून नौदलात आला, महिन्याभरात मास्टरचा मेट, १७५७ मध्ये ट्रिनिटी हाउस या दर्यावर्दींच्या संस्थेची परीक्षा देऊन मास्टर. मास्टर हा वॉरंट अधिकारी. जहाजाचा मार्ग, नकाशे, शिडं, वजनाची मांडणी, सगळं त्याच्याकडे. मोठ्या जहाजावर पगार लेफ्टनंटहून जास्त. जेवण अधिकाऱ्यांबरोबर. पण शिडी तिथेच संपते. मास्टर चांगलं काम करून अधिक मोठ्या जहाजाचा मास्टर होतो, कॅप्टन होत नाही. उलट जितका चांगला, तितका कॅप्टन त्याला सोडायला नाखूष.

कुकने क्वेबेकपाशी सेंट लॉरेन्स नदी मोजली, मग न्यूफाउंडलंडचा किनारा. १७६८ ची मोहीम निघाली तेव्हा रॉयल सोसायटीला अलेक्झांडर डॅलरिंपल हवा होता. ॲडमिरल हॉकने नौदलाबाहेरच्या माणसाकडे राजाचं जहाज द्यायला साफ नकार दिला, म्हणून नौदलातला नकाशाकार शोधावा लागला. कुकला लेफ्टनंटचं कमिशन मिळालं ते त्या जहाजाला कमिशनवाला प्रमुख हवा होता म्हणून. कमांडर १७७१, कॅप्टन १७७५. जिवंत राहिला असता तरी यादीत इतका खाली होता की ॲडमिरल व्हायला तो फार म्हातारा झाला असता.

मिझन:
पैशाचं थोडक्यात. १८०८ पर्यंत पकडलेल्या जहाजाच्या रकमेचे आठ भाग: तीन कॅप्टनचे (त्यांतला एक वरच्या ॲडमिरलला), एक सगळ्या लेफ्टनंट आणि मास्टरमध्ये, एक वॉरंट अधिकाऱ्यांत, एक मिडशिपमन वगैरेंमध्ये, दोन उरलेल्या सगळ्या माणसांत. जहाज गमावलं तर कोर्ट-मार्शल ठरलेलं, मग दोष असो वा नसो. पाच ते तेरा कॅप्टन न्यायाला बसत. जीव घेणाऱ्या शिक्षा थोड्या, पण "ज्येष्ठता काढून यादीच्या तळाशी टाका" ही शिक्षा वीस वर्षं पुसून टाकी.

आणि शांतता ही सगळ्यांत मोठी शिक्षा. १८१२ मध्ये संसदेने १,४५,००० माणसांना मंजुरी दिली होती, १८१७ मध्ये १९,०००. अधिकारी मात्र काढून टाकता येत नव्हते, ते अर्ध्या पगारावर किनाऱ्यावर. लेफ्टनंटला दिवसाला पाच ते सात शिलिंग, ज्येष्ठतेप्रमाणे. पंचविशीतला लेफ्टनंट पुन्हा कधीच जहाजावर न चढता म्हातारा झाला, अशी हजारो आयुष्यं त्या यादीत आहेत.

दर्यावर्दी_७४:
त्या यादीचं टोक कुठवर गेलं ते सांगतो. प्रोव्हो वॉलिस, जन्म १७९१, हॅलिफॅक्स. १७९५ मध्ये, चार वर्षांचा असताना, वडिलांनी त्याचं नाव 'वाझो' फ्रिगेटच्या पुस्तकात घातलं. १ जून १८१३ ला 'शॅनन'ने अमेरिकन 'चेसापीक' पकडलं. कॅप्टन ब्रोक गंभीर जखमी, पहिला लेफ्टनंट वॉट ठार. दुसरा लेफ्टनंट वॉलिस, वय बावीस, दोन्ही जहाजं घेऊन ६ जूनला हॅलिफॅक्सला पोचला. जेमतेम आठवडाभर जहाज त्याच्या हाती होतं. कमांडर त्याच वर्षी, कॅप्टन १८१९, रिअर ॲडमिरल १८५१, ॲडमिरल ऑफ द फ्लीट १८७७.

१८७० मध्ये सक्तीच्या निवृत्तीचे नियम आले. त्यांत एक सूट होती: नेपोलियनच्या युद्धात ज्याने जहाजाचं आधिपत्य केलं, तो मरेपर्यंत सेवेतल्या यादीत राहील. वॉलिसचे ते सहा दिवस त्यात बसले. त्याला कळवलं होतं की सेवेत आहात म्हणजे समुद्रावर पाठवलं जाऊ शकतं, त्याने तयारी दाखवली. १३ फेब्रुवारी १८९२ ला, शंभराव्या वर्षी तो गेला, तेव्हा बंदरात पोलादी युद्धनौका उभ्या होत्या आणि त्याचं नाव अजून सेवेतल्या यादीवर होतं. नौदलाच्या कागदांवर ते १७९५ पासून होतं.